मांजरीचं ताट वेगळं ठेवा

कुत्र्या-मांजरांच्या खाण्यात लाल भोपळा आणि उकडलेलं अंडं घालायचा सल्ला दिला जातो, तो कुत्र्यासाठी छानच आहे. मीही आमच्या कुत्र्याला वाफवलेला भोपळा, मीठ न घालता, रोजच्या खाण्यात दोन चमचे कालवून देते. त्याचं पोट आता साफ असतं.

पण कृपा करून तेच ताट मांजरीपुढे ठेवू नका! मांजर पक्की मांसाहारी. टॉरिन हा शरीराला लागणारा एक पोषक घटक कुत्र्याचं शरीर सहसा स्वतःच तयार करतं, मांजरीला ते मांस-मासळीतूनच मिळवावं लागतं. कमी पडलं तर नजर जाते, हृदयाचा स्नायू दुबळा होतो. हृदयाचा हा संबंध १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवला. त्यामुळे नुसत्या दूध-पोळीवर मांजर ठेवणं मला अजिबात पटत नाही. चिकन उकडलंत तर ते पाणीही द्या, बरंचसं टॉरिन त्यात उतरतं. नुसतं बोनलेस चिकनही रोज पुरत नाही, त्यात कॅल्शियम फारच कमी.

आणि आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊनसुद्धा नको. कांदा-लसणाने कुत्रा-मांजर दोघांच्याही रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मांजरीला तर थोडासाही बाधतो.