भाच्याले फिट येते, इन्क्रेडिबल्स 2 दाखवू की पहिला भाग? मदत हवी आहे

नमस्कार, लवकर सांगजा, शनिवारी रात्रीचा बेत आहे.

आम्ही आर्वीजवळच्या खेड्यात राहतो. सुट्ट्या लागल्या, नणंदबाईची दोन पोरं आली, माझी दोन, वरून शेजारचे पोट्टे, दिवसभर कूलरसमोर भांडणं. म्हणून दिरानं ठरवलं की वर्ध्याहून दोस्ताचा प्रोजेक्टर आणायचा अन् अंगणातल्या चुन्याच्या भिंतीवर पिक्चर लावायचा. पोट्ट्यायनं निवडला इन्क्रेडिबल्स 2, सुपरहिरो कुटुंबाचा कार्टून पिक्चर, हिंदीतला, ज्यात त्यातल्या आईले काजोलचा आवाज आहे.

भाचा 9 वर्षांचा आहे. मागच्या तान्ह्या पोळ्याले त्याले फिट आली होती. डोळे वर गेले, अंग ताठ, अन् हातातला लाकडी बैल इतका घट्ट धरलेला की आम्हाले त्याची बोटं सोडवता येत नव्हती. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या, तेव्हापासून एकदाही नाही आली. पण मी अजून विसरले नाही ते.

काल रात्री मी एकटीनं मोबाईलवर पूर्ण पाहिला, दोन तासांचा आहे जवळपास. गोष्ट खरंच चांगली आहे, आई कामाले बाहेर जाते अन् बाप घरी पोरं सांभाळतो, पोराचं गणित समजून घेता घेता रात्र काढतो, हे आमच्या घरच्या माणसांनीही पाहावं असं वाटलं. पण त्यातला व्हिलन स्क्रीनवरून लोकांले संमोहित करतो, अन् एका बंद जागेतल्या मारामारीत चारी बाजूनं लाईट असा भकभक करतो की माझेच डोळे दुखले. 2018 मध्ये अमेरिकेत यासाठी थेटरात सूचना लावल्या होत्या म्हणे. जपानमध्ये तर 1997 ले पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या झगमगाटानं 600 च्या वर लोक, बहुतेक पोरंच, दवाखान्यात न्यावी लागली होती. फिटवाल्या सगळ्यायलेच लाईटचा त्रास होत नाही, शंभरात तिघांले वगैरे होतो, पण लहान वयात जास्त. अन् इथं तर अंधार, मोठी भिंत, अन् पोट्टे एकदम पुढं जाऊन बसणार.

सासूबाई म्हणतात मग पहिला भाग लावा, 2004 चा. तोही मी आधी पाहिला आहे. त्यात सुरुवातीलेच एक माणूस इमारतीवरून जीव द्यायले उडी मारतो, हिरो त्याले वाचवतो तर तो उलट केसच टाकतो की मी कुठं म्हटलं होतं वाचवा. मोठ्यांले ते काही वाटत नाही. पण आमच्या गल्लीत मागच्या वर्षी एका घरच्या कर्त्या माणसानं औषध घेतलं, त्यांचा 8 वर्षांचा पोरगा रोज माझ्या पोराबरोबर खेळते, तोही येणार आहे भिंतीसमोर बसायले. त्याले मी कसं सांगू की तू नको येऊ?

पुढं विमानावर मिसाईल सुटतात, आत आई अन् दोन पोरं, अन् नंतर ती पोरांले सरळ सांगते की हे लोक तुम्हाले मारतील. माझा धाकटा 6 वर्षांचा आहे, त्याले हे झेपेल का, हेही सांगा.

कोणी दुसरा भाग फिटवाल्या पोराले दाखवला आहे का? लाईटवाला सीन पुढं ढकलला तर चालते का, की तसा झगमगाट अजून कुठं कुठं आहे? एक डोळा हातानं पूर्ण झाकला तर त्रास कमी होतो असं वाचलं, पण 9 वर्षांचं पोरगं वेळेवर झाकेल का? प्रोजेक्टरऐवजी घरातल्या टीव्हीवर, ट्यूबलाईट चालू ठेवून, लांब बसवून दाखवला तर? नणंदबाई सकाळपासून डॉक्टरले फोन लावून राहिली, लागून नाही राहिला. डॉक्टर नाही म्हटले तर लावणारच नाही, ते पक्कं. पण मग सहा ते अकरा वयाच्या सगळ्या पोट्ट्यायले चालेल असा दुसरा कोणता लावू, तेही सुचवा.