टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलाला स्टेरॉइड: माहिती आणि अनुभव हवे आहेत

मंडळी, मुलगा सहा वर्षांचा, वजन १९ किलो. पुढच्या आठवड्यात टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकामागच्या गाठी) दोन्ही काढायचे ठरलेत. झोपेत घोरतो, मधेच श्वास अडकतो, त्यामुळे ऑपरेशन करावं की नाही हा प्रश्न नाही. काढे-गुळण्या सगळं करून झालंय, कृपया गाडी तिकडे नेऊ नका.

डॉक्टर म्हणाले, भूल दिल्यावर शिरेतूनच डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा एक डोस देतात, त्याने उलट्या आणि दुखणं कमी होतं. इथवर ठीक. पण ओपीडीत गर्दी, आम्ही उठता उठता म्हणाले की गरज पडली तर घरी तीन दिवस प्रेडनिसोलोनचं सिरप देऊ. सासूबाईंनी 'स्टेरॉइड' एवढंच ऐकलं आणि घर डोक्यावर घेतलं. त्यांच्या बहिणीचा संधिवाताच्या गोळ्यांनी चेहरा सुजला होता, साखर वाढली होती, त्यामुळे त्यांना तरी काय बोलणार. (याच नातवाला बुडेकॉर्टची वाफ दिली तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं. तेही स्टेरॉइडच!)

त्या एका डोसने रक्तस्राव वाढतो असं कुठेतरी वाचलं, खरं आहे का? आणि घरचं सिरप खरंच लागतं का?

प्रतिसाद
मी भूलतज्ज्ञ आहे. तुम्ही वाचलंत ते २००८ च्या एका अभ्यासातलं असणार. त्यात डेक्सा दिलेल्या मुलांत रक्तस्राव जास्त दिसला, अभ्यास मधेच थांबवला गेला. पुढे २०१२ मध्ये तीनशेहून अधिक मुलांवर झालेल्या अभ्यासात गंभीर रक्तस्राव वाढलेला दिसला नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०११ आणि २०१९, दोन्ही वेळा ऑपरेशनदरम्यान एक डोस द्यावा असंच सांगितलंय. एका डोसने चेहरा सुजत नाही, ते महिनोन् महिने घेतल्यावर होतं.

सिरपची गोष्ट वेगळी. त्यामागे एवढा भक्कम पुरावा नाही, ते सरसकट लागत नाही. घरी खरा आधार पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनचा, तोही रडायची वाट न पाहता वेळेवर. डोस वजनाप्रमाणे लिहून घ्या. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल बारा वर्षांखालच्या मुलाला नको. घरात कुणाला कांजिण्या झाल्या असतील तर आधी सांगा.

प्रतिसाद
लेकीचं झालंय. दोन दिवस बरे जातात आणि मग दुखणं वाढतं, घाबरू नका. कान दुखतो म्हणून रडली, कानात काहीच नव्हतं, घशाचीच कळ तिकडे जाते. घशात पांढरा थर दिसला, आम्हाला पू वाटला. ती खपली असते. मात्र ताजं लाल रक्त दिसलं तर थोडं असलं तरी थेट हॉस्पिटल, कितीही रात्र असो.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे. सिरपचं भूलतज्ज्ञांच्या भेटीतच विचारते. एक राहिलं: सकाळी काही गिळायलाच तयार नसेल तर आयबुप्रोफेन उपाशीपोटी द्यायचं का?

प्रतिसाद
आधी पॅरासिटामॉल. अर्ध्या तासाने घसा जरा सैल झाला की पातळ पेज किंवा गार दूध, मग आयबुप्रोफेन. पाणीच पीत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर मात्र आयबुप्रोफेन थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा.