बजीला दिसत नाहीये का? कसं ओळखायचं?

चिकूची_आई, डोंबिवली

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक लिहितेय पण वाचा प्लीज. आमच्याकडे चिकू आहे, हिरवी बजी (बजरीगर, छोटा पोपट), मादी, दुकानदाराने लव्हबर्ड म्हणून दिली होती (सगळ्यांनाच देतात तशी), आता ७ वर्षं झाली. गेल्या आठवड्यात पिंजरा धुतला आणि परत लावताना माझ्याकडून वाट्यांची अदलाबदल झाली, कांगणीच्या जागी पाणी आणि पाण्याच्या जागी कांगणी. दुपारी बघते तर ही बाई नेहमीच्या जागी बसून पाण्यात चोच घालून दाणे शोधतेय. चोच ओली झाली की मान झटकते, थांबते, परत घालते. शेजारी चार बोटांवर कांगणीची वाटी भरलेली, तिकडे बघतसुद्धा नाही. मी हसले आधी. मग हसूच गेलं.

आता आठवायला लागले तर बऱ्याच गोष्टी आठवतायत. पूर्वी दार उघडलं की थेट पडद्याच्या रॉडवर, आता दारात बसून राहते, मला वाटायचं वय झालं. बोट पुढे नेलं तर छातीला टेकेपर्यंत तिला पत्ता नसतो आणि मग असली दचकते की दांडीवरून पडतेच. पण हाक मारली की लगेच मान वळवते आणि बडबड तर दिवसभर चालू. उन्हात धरून बघितलं तर उजव्या डोळ्यात मधोमध काहीतरी दुधाळ वाटतंय, डावा काळाच आहे. जवळच्या डॉक्टरांकडे नेलं, ते कुत्र्यामांजरांचेच बघतात, त्यांनी पिंजऱ्यातूनच बघून अशक्तपणा म्हणून मल्टिव्हिटॅमिन दिलं, दोन मिनिटांत बाहेर.

तर हे खरंच आंधळेपण आहे का, घरी कसं तपासू? आणि बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे ड्रॉप्स उरलेत घरात, ते टाकले तर चालतील का? यांनी तिला मोकळं वाटावं म्हणून मोठा पिंजरा पण मागवलाय, परवा येईल.

सम्या_सोलापूर

ताई सोपं आहे, मोबाईलचा टॉर्च मार डोळ्यात, बाहुली बारीक झाली म्हणजे दिसतंय, नाही झाली तर गेला डोळा. आम्ही कबुतरांना असंच बघतो. आणि गुलाबपाणी टाक रोज, गार वाटतं.

पिंजरेवाला_काका, कोल्हापूर

सम्या, टॉर्चचं माणसाला ठीक आहे रे, पक्ष्याला नाही. पक्ष्याच्या बुबुळाचे स्नायू त्याच्या मर्जीने चालतात. पोपट खूश झाला किंवा चिडला की बाहुली लहान-मोठी करतो ते बघितलं असशील, तसंच. त्यामुळे दिसणारा पक्षी घाबरून बाहुली मोठी ठेवू शकतो आणि न दिसणाऱ्याची उजेडाने बारीक होऊ शकते. दोन्ही बाजूंनी फसशील. गुलाबपाणी पोळीवर घाल, डोळ्यात नको.

ताई, तुमचा वाटीचा किस्सा वाचला आणि मला आमची कॉकाटील (तुरेवाला छोटा पोपट) आठवली. तिला निदान चार-पाच महिने दिसत नव्हतं आणि आम्हाला, म्हणजे मी इतकी वर्षं पक्षी पाळतोय त्या मलासुद्धा, कळलं नाही. कारण पिंजरा तिला पाठ होता. कुठली दांडी कुठे, पाणी किती उड्यांवर, झोका कुठे, सगळं. खायची, प्यायची, शिट्टी मारायची. एक दिवस मुलाने झोका काढून दुसरीकडे अडकवला आणि ती रिकाम्या हवेत उडी मारून खाली आली. एकदाच नाही, तीनदा. म्हणून सांगतो, पक्षी जागच्या जागी नीट वावरतोय याला काही अर्थ नाही. काही हललं की तेव्हाच कळतं, आणि तुमच्याकडून नकळत तीच परीक्षा झालीय.

आणखी खात्री करायची तर दिवसा, चांगल्या उजेडात करा, संध्याकाळी नको, अंधारात यांना तसंही धड दिसत नाही आणि चांगला पक्षीसुद्धा धडपडतो. कापसाचा छोटा बोळा घ्या आणि पिंजऱ्याबाहेरून तिच्या समोरून अलगद खाली सोडा. आवाज नाही, वारा नाही. दिसत असेल तर मान वळते, निदान अंग आक्रसतं. हात नेऊन बघायचं असेल तर मध्ये स्वच्छ प्लास्टिकचा पत्रा धरा, नाहीतर बोटाच्या वाऱ्याने दचकते आणि आपण म्हणतो दिसलं. दोन्ही बाजूंनी वेगवेगळं करा. एकच डोळा गेला असेल तर पक्षी चांगली बाजू तुमच्याकडे ठेवून बसतो आणि सारखी तशीच मान तिरकी करतो.

आणि तो मोठा पिंजरा तेवढा थांबवा. पाठ असलेलं घर काढून घेऊ नका तिचं.

परभणीची_व्हेट

ताई मी व्हेटरिनरीच्या शेवटच्या वर्षाला आहे, डॉक्टर नाही अजून, तर ते धरून वाचा. बाबांचे ड्रॉप्स अजिबात नकोत प्लीज. ऑपरेशननंतर देतात त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं, आणि एवढ्याशा जिवात डोळ्यात टाकलेला थेंबसुद्धा अंगात भिनतो, प्रतिकारशक्ती पाडतो. बजी म्हणजे ३०-४० ग्रॅमचा प्राणी, आपल्या एका थेंबाचा हिशोब करून बघा.

मला एक विचारायचंय, पाणी जास्त पितेय का? आणि शी पातळ, पाण्याच्या डबक्यासारखी होतेय का? बजीमध्ये मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथीला गाठ होते, त्याने डोळ्याच्या नसांवर दाब येऊन दिसायचं कमी होतं आणि लघवीचं प्रमाण वाढतं, कधी डोळा पुढे आल्यासारखा पण दिसतो. तसं नसेल आणि दुधाळ दिसतंय तर मोतीबिंदूच वाटतो, या वयात होतो. पंख्याला, खिडकीला आपटली होती का कधी ते पण आठवा. नुसती कांगणी खाणाऱ्या पक्ष्यांना ए जीवनसत्त्व कमी पडतं, त्याने डोळ्याच्या कडा सुजतात, चिकट पाणी येतं. तो प्रकार वेगळा, पण शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, कोथिंबीर सुरू करायला हरकत नाही. ड्रॉपर भरभरून व्हिटॅमिन मात्र नको, ए जास्त झालं तरी त्रास. आणि चोचीच्या मुळाशी, डोळ्याभोवती पांढरे खवले, स्पंजसारखं काही आहे का? तो किडीचा प्रकार असतो, बरा होतो.

रोज सकाळी शी झाल्यावर किचनच्या काट्यावर वजन करा, लिहून ठेवा. न दिसणारा पक्षी उपाशी राहतोय हे पिसांमुळे कळतच नाही, नुसती टरफलं वाटीत असतात आणि आपल्याला वाटतं वाटी भरलीय. आणि ती पिसं फुगवून, दिवसाही डोळे मिटून बसत असेल तर मग डोळ्याचं सोडा, आजारी आहे म्हणून त्याच दिवशी न्या. मुंबईत परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे, पक्षी बघतात, जाण्याआधी फोन करा.

टिंगरे_वाडी

आमच्या आजीकडे पोपट होता तो एका डोळ्याने आंधळा होऊन बारा वर्षं जगला, भाजीभाकरी खायचा. मला पण घ्यायचाय तसला, कुठे मिळेल?

पिंजरेवाला_काका, कोल्हापूर

आजीचा काळ वेगळा. आपला देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतो, पाळता येत नाही, विकणाराही अडकतो. आणि हा धागा चिकूचा आहे.

चिकूची_आई, डोंबिवली

अपडेट द्यायचा राहिला, सॉरी. कापसाचा बोळा केला. उजवीकडून काहीच नाही, अक्षरशः नाकासमोरून गेला आणि ही आपली चोच घासत बसलेली. डावीकडून दोनदा मान हलली, तिसऱ्यांदा नाही. म्हणजे मला अजिबात कळेना. मग पक्षी बघणाऱ्या एका मॅडमकडे नेलं, लोकलने, खोक्याला भोकं पाडून, दिवा स्टेशनपर्यंत सगळा डबा विचारत होता काय आहे काय आहे. मॅडमनी अंधार करून बारीक दिव्याने बघितलं. उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू आहे, त्या डोळ्याने काही दिसत नाही. डाव्यात सुरुवात आहे, थोडंफार दिसतंय पण तेही जाईल म्हणाल्या. पाणी, शी सगळं नॉर्मल, वजन ३४ ग्रॅम. मोठ्या पोपटांचं ऑपरेशन करतात पण एवढ्याशा डोळ्याचं नको म्हणाल्या, आणि ड्रॉप्सने मोतीबिंदू जात नाही हेही स्पष्ट सांगितलं. गुलाबपाण्याचं विचारलं नाही, लाज वाटली.

वाट्या जुन्या जागी लावल्यात आणि सगळ्यांना दम दिलाय की कोणी हलवायच्या नाहीत. दांड्या खाली आणल्या, तळाला जुना टॉवेल. आता हात घालायच्या आधी मी दोनदा टिचकी वाजवते आणि "चिकू आले गं" म्हणते, चार दिवसांत तिला कळलं, आता टिचकी वाजली की पाय उचलून बोटाची वाट बघते. कधी माझ्या उलट बाजूलाच पाय उचलते.

काका, मोठा पिंजरा आला तो आला, यांनी रद्द केलाच नाही वेळेत. कोणाला हवाय का? २४ इंची, पॅकिंगसुद्धा फोडलेलं नाही, डोंबिवली पूर्वेला येऊन न्यावा लागेल.