हायब्रीड गाडी घेताना डीलरशी भाव नेमका कशाचा करायचा?

परभणीकर

गेल्या दोन महिन्यांत एका स्ट्राँग हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या) गाडीसाठी मी दोन शहरांतील दोन शोरूमचे उंबरठे झिजवले. कंपनी तीच, व्हेरिएंट तोच, रंगही तोच. पहिल्या ठिकाणी ४०,००० रुपयांची सूट मिळत होती आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ १५,०००. घरातील सर्वांचे मत अर्थातच पहिल्या शोरूमच्या बाजूने पडले. माझेही पडले असते, पण रात्री जेवणानंतर दोन्ही कोटेशन शेजारी शेजारी ठेवून, पट्टी लावून एकेक ओळ वाचली तेव्हा चित्र उलटले. पहिल्या कोटेशनमध्ये विमा ६९,००० रुपयांचा, ‘हँडलिंग चार्ज’ ९,५०० रुपयांचा आणि नको असलेल्या अॅक्सेसरीजचा संच २८,००० रुपयांचा होता. दुसऱ्यात विमा ५५,००० रुपयांना होता, हँडलिंगची ओळच नव्हती आणि मॅट व मडफ्लॅप मिळून ८,००० रुपये लावले होते. एक्स-शोरूम किंमत आणि कर दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे हिशेब सरळ आहे: जास्त सूट देणाऱ्याकडे गाडी १८,५०० रुपयांनी महाग पडत होती.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, ‘सूट किती देता?’ हा प्रश्न आपण आधी विचारतो तेथेच हरतो. कोटेशनमधील काही आकडे कोणाच्याही हातात नसतात. चार मीटरपेक्षा लांब हायब्रीड गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. त्यापूर्वी उपकरासह तो ४३ टक्के होता. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के वाहन कर लागतो आणि हायब्रीडही त्याच रांगेत बसते. दहा लाखांवरील गाडीवर घेतला जाणारा एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून गोळा करून भरलेला कर) हा खर्च नसून आपल्या नावावर जमा झालेला आयकर असतो आणि विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. थर्ड पार्टी विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या विम्याचा हप्ताही सरकार ठरवते. जून २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीला तीन वर्षांसाठी १०,६४० रुपये धरले असून, हायब्रीडला त्यावर साडेसात टक्के सवलत आहे. एवढे बाजूला काढले की उरलेल्या विम्यावर, अॅक्सेसरीजवर, कर्जाच्या व्याजावर, जुन्या गाडीच्या किमतीवर आणि त्या हँडलिंग चार्जवरच खरा भाव करायचा असतो. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी अवश्य लिहावे.

गोदाकाठ, नांदेड

मी दहा वर्षे वाहनविक्रीत काढली आहेत, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. आपण ज्या ओळींवर बोट ठेवले, त्याच ओळींवर मराठवाड्यातील लहान शोरूम जगते. गाडी स्टॉकयार्डात उभी असते तेव्हा तिच्यावर बँकेचे व्याज चालू असते, आणि त्यातही हायब्रीड विकणाऱ्या डीलरला वेगळे प्रशिक्षित तंत्रज्ञ, उच्च दाबाच्या वायरिंगसाठी इन्सुलेटेड हातमोजे व अवजारे हे सगळे ठेवावे लागते, जरी महिन्याला अशा चारच गाड्या विकल्या गेल्या तरी. गाडीवरचे मार्जिन तुटपुंजे असते. विमा, कर्ज आणि अॅक्सेसरीज यांतून जे सुटते त्यातून पगार होतात. प्रत्येक ग्राहकाने प्रत्येक ओळ शून्यावर आणली, तर उद्या हे शोरूम बंद होईल आणि बॅटरीच्या पंख्याची जाळी साफ करण्यासाठीही आपल्याला अडीचशे किलोमीटरवर जावे लागेल. ज्याच्याकडे पुढची आठ-दहा वर्षे सर्व्हिसिंग करायचे आहे, त्याला चार पैसे मिळू देणे हाही रास्त भावाचाच भाग आहे, असे मी मनापासून मानतो.

आणखी एक गोष्ट. ज्या मॉडेलला वेटिंग आहे त्यावर सूट मागून उपयोग नसतो आणि ज्याचा साठा पडून आहे त्यावर ती न मागताही मिळते. तेव्हा भाव करण्यापूर्वी चेसिस क्रमांकावरून गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते विचारावे. मागच्या वर्षीची गाडी जानेवारीत घेतली तर ती कागदावर एक वर्षाने जुनी असते, आणि त्याची भरपाई मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

काळा कोट, लातूर

गोदाकाठ यांच्या कळकळीबद्दल आदर आहे, परंतु त्यांच्या मुख्य मुद्द्याशी मी असहमत आहे. डीलरला नफा मिळालाच पाहिजे, पण तो उघड किमतीत मिळाला पाहिजे. ज्या सेवेचे नावही सांगता येत नाही, अशा ओळीआडून नव्हे. एक्स-शोरूम म्हणजे शोरूमच्या दारातून बाहेर पडतानाची किंमत. गाडी तिथपर्यंत आणणे, धुणे आणि तपासणे हे सर्व त्या किमतीत आलेले असते. त्याच कामासाठी हँडलिंग म्हणून पुन्हा पैसे घेण्याला माझ्या मते कोणताही आधार नाही. विमा तर ग्राहकाने कोणत्याही कंपनीकडून घ्यावा. शोरूममधूनच घेतला पाहिजे, अशी सक्ती करता येत नाही.

दुसरे असे की, सूट कमी मिळते ती नेहमीच डीलरच्या नाइलाजामुळे मिळत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा डीलरांनी जास्त सूट देऊ नये, असे बंधन घातल्याबद्दल. आयोगाच्या मते या बंधनावर लक्ष ठेवण्यासाठी खोटे ग्राहक पाठवले जात आणि जास्त सूट देणाऱ्या डीलरला दंड केला जाई. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले, हे खरे. पण आपल्यासाठी महत्त्वाचे हे की, ज्या तक्रारीवरून प्रकरण सुरू झाले, ती मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा या विभागाबद्दलची होती. म्हणजे आपल्याच भागाबद्दलची. ज्या डीलरला आपल्या खिशातून सूट द्यायची इच्छा असेल, त्याला ती देता आली पाहिजे आणि ग्राहकाला ती मागता आली पाहिजे.

स्टीलनगरी, जालना

व्यापारी म्हणून मला या चर्चेत एका गोष्टीची उणीव वाटते. एकटा माणूस भाव मागतो तेव्हा त्याला उत्तर मिळते, दहा जण मिळून मागतात तेव्हा त्यांना भाव मिळतो. हे आपल्या मराठवाड्यानेच साऱ्या देशाला दाखवून दिले आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता आणि स्टेट बँकेने त्यासाठी सात टक्क्यांनी कर्ज दिले. सवलत नुसती गाडीवर नव्हे, व्याजावरही मिळाली, हे लक्षात घ्यावे. पाच वर्षांच्या कर्जावर दीड टक्का व्याज कमी झाले, तर ती बचत ‘कॅश डिस्काउंट’हून मोठी ठरू शकते. एकाच तालुक्यातील सात-आठ जणांना हायब्रीड घ्यायची असेल, तर त्यांनी एकत्र जावे. मोंढ्यात आपण रोज हेच करतो.

बीडची शिक्षिका

स्टीलनगरी दादांचे उदाहरण अभिमानास्पद आहे, पण ते माझ्या उपयोगाचे नाही. त्या दीडशे जणांकडे आधीपासून पत होती, ओळखी होत्या. माझ्यासारखी बाई आयुष्यात एक, फार तर दोन गाड्या घेते आणि तिच्याबरोबर गाडी घेणारे सात जण तिला कुठून सापडणार?

मी मागच्या वर्षी हायब्रीड घेतली. पैसे माझे, कर्ज माझ्या नावावर, टेस्ट ड्राइव्ह मी घेतली. तरी विक्री सल्लागार कॅल्क्युलेटर वळवून आकडा दाखवत होता तो माझ्या धाकट्या भावाला. मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही ‘सर, असं आहे बघा’ अशीच सुरुवात करून त्यालाच मिळत होते. पुढे कळले की, आमच्याच शाळेतील एका सहकाऱ्यांनी त्याच महिन्यात, त्याच शोरूममधून, तोच व्हेरिएंट माझ्यापेक्षा २२,००० रुपये कमी देऊन घेतला. ते बोलण्यात पटाईत आहेत, मी नाही. एवढाच काय तो फरक.

म्हणून माझे म्हणणे आपणा सर्वांच्या विरुद्ध आहे. घासाघीस ही रास्त किंमत मिळवण्याची रीत नव्हेच. जो अडून बसू शकतो, उठून जाण्याचा आव आणू शकतो, ज्याच्या ओळखीचा कोणी आत आहे, त्याची सवलत शेवटी माझ्यासारख्यांच्या बिलातून वसूल होते. शोरूमच्या भिंतीवर प्रत्येक व्हेरिएंटची ऑन-रोड किंमत, त्या महिन्याची सूट आणि विम्याचा आकडा एका फलकावर लिहून लावावा आणि सर्वांना तोच भाव द्यावा. कापड दुकानात ‘एकच भाव’ ही पाटी चालते, मग पंधरा लाखांच्या वस्तूला का चालू नये?

गोदाकाठ, नांदेड

ताई, आपल्याला आलेला अनुभव खरा आहे; मी असे प्रसंग डोळ्यांनी पाहिले आहेत आणि तेव्हा गप्प बसलो, याची खंत वाटते. मात्र एकच भाव लावला तर तो सर्वात कमी भाव असेल, असे समजू नये. तो बहुधा मधला असेल. जालन्याच्या दादांची सूचना व्यवहार्य आहे: पाच गाड्यांचे बुकिंग एकत्र आले की मालक स्वतः केबिनमधून बाहेर येतात.

वाळूज

मी अभियंता आहे आणि माझ्या मते ही सारी चर्चा दहा-वीस हजारांभोवती फिरत असताना मोठी रक्कम नजरेआड होत आहे. ती म्हणजे त्याच गाडीच्या साध्या पेट्रोल आवृत्तीपेक्षा हायब्रीडसाठी मोजावा लागणारा फरक. समजा हा फरक तीन लाखांचा आहे, साधी गाडी प्रत्यक्षात लिटरला १५ किलोमीटर देते, हायब्रीड २२ देते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे. वर्षाला १५,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे साधारण ३१८ लिटर, म्हणजे ३३,४०० रुपये वाचतील आणि फरक भरून निघायला नऊ वर्षे लागतील. वर्षाला ३०,००० किलोमीटर चालवणाऱ्याला साडेचार वर्षे पुरतील. शिवाय हायब्रीडचा खरा लाभ शहरातील थांबत-चालत जाणाऱ्या रहदारीत मिळतो, कारण ब्रेक दाबताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत जाते. समृद्धी महामार्गावर एका वेगाने जाणाऱ्याला तो तितका मिळत नाही. ज्याचा वापर या हिशेबात बसत नाही, त्याने सर्वात खालचा भाव मिळवला तरी त्याला ती गाडी महागच पडेल.

ज्यांना ती घ्यायचीच आहे, त्यांच्यासाठी एक उपयोगाची गोष्ट सांगतो. टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा यांतील स्ट्राँग हायब्रीड यंत्रणा एकच आहे, कागदावरचे मायलेजही दोन्हींचे २७.९७ आहे. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस आणि मारुतीची इनव्हिक्टो यांचेही तसेच आहे. तेव्हा दोन शोरूमऐवजी दोन कंपन्यांची कोटेशन समोरासमोर ठेवता येतात. कंपनीबाहेरची लाइट, हॉर्न वा कॅमेऱ्याची वायरिंग मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नये. हायब्रीड बॅटरीची आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी त्या मोहापायी वादात सापडू शकते.

आणखी एक गैरसमज दूर करतो. जुलै २०२४ मध्ये टोयोटाने संभाजीनगरातील सुमारे २०,००० कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य शासनाशी करार केल्यापासून ‘थांबा, गाडी इथेच बनेल आणि स्वस्त होईल’ असे अनेक जण म्हणतात. कारखाना जवळ आल्याने जीएसटी किंवा वाहन कर कमी होत नाही. कर कमी व्हायचा असेल तर तो शासनाच्या निर्णयाने होतो, जसा उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीडचा नोंदणी कर माफ केला. मागणी करायचीच असेल तर ती मुंबईकडे करावी.

परभणीकर

सर्वांचे आभार. वाळूज यांचा हिशेब मी माझ्या डायरीतील नोंदींवर लावून पाहिला. नोकरीच्या निमित्ताने माझे वर्षाला २६,००० किलोमीटर होतात आणि त्यातील निम्मे परभणी, सेलू, मानवत, पाथरी या गावांच्या बाजारपेठांतून होतात, म्हणून माझा निर्णय कायम आहे.

काल दुसऱ्या शोरूमकडे जाण्याआधी मुद्दाम पहिल्याकडे पुन्हा गेलो. हँडलिंग चार्ज कमी करा, असे म्हटले नाही. एवढेच म्हटले की, या रकमेची पावती कोणत्या सेवेच्या नावाने देणार ते कोटेशनवर लिहून द्या. व्यवस्थापक काही क्षण कागदाकडे पाहत राहिले, मग निळ्या पेनने त्यांनी ती ओळ खोडली आणि बाजूला सही केली. विम्यासाठी मी बाहेरून, तेवढ्याच आयडीव्हीचे (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचे) आणि झीरो डेप (भरपाईतून घसारा न कापण्याची सोय) धरून कोटेशन नेले होते. जुनी गाडी विकल्यामुळे माझा ५० टक्के नो क्लेम बोनस (आधी विम्याचा दावा न केल्याबद्दलची सवलत) नव्या गाडीच्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो, हे तोपर्यंत मला कोणी विचारलेही नव्हते. जुन्या विमा कंपनीचे पत्र दाखवल्यावर हप्ता ४३,००० रुपयांवर आला. अॅक्सेसरीजचा संच मात्र त्यांनी सोडला नाही, म्हणून बुकिंग दुसरीकडेच केले. तेथेही विमा याच पत्रावर निघाला.

ताईंशी मी सहमत आहे आणि नाहीही. फलक लागायलाच हवा, पण तो लागेपर्यंत आपण एकमेकांचे फलक होऊ शकतो. माझी डिलिव्हरी येत्या गुरुवारी आहे. अंतिम बिल हातात आले की नाव आणि चेसिस क्रमांक झाकून त्यातील प्रत्येक ओळ येथे देईन. ताईंनी आपले बिल त्याच्याशी ताडून पाहावे, आणि जालन्याच्या दादांकडे या दिवाळीपूर्वी हायब्रीड घेणारे कोणी असतील, तर त्यांनाही ती दाखवावी.