डॉकिंगआधी (औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसतो ते संगणकावर पाहण्याआधी) पाणी काढायचं की ठेवायचं?

प्रश्न: एचआयव्हीच्या प्रोटीएज या विकराची १एचएसजी रचना (हा प्रोटीन डेटा बँकेतला तिचा क्रमांक) घेतली आहे. पाण्याचे सगळे रेणू सरसकट काढले, तर इंडिनाविर हे औषध जागेवर नीट बसत नाही. कशामुळे?

उत्तर १: फ्लॅपखालचं (विकराच्या झाकणासारख्या भागांखालचं) पाणी ठेवा. दोन्ही साखळ्यांमधल्या आयसोल्युसिन-५० (५० व्या क्रमांकाचं अमिनो आम्ल) चे एनएच आणि इंडिनाविरचे कार्बोनिल ते हायड्रोजन बंधांनी जोडतं. त्या पाण्याला हायड्रोजन लावल्यावर त्यांची दिशा डोळ्यांनी तपासा. उलटी असेल तर डॉकिंगचा स्कोअर (रेणू किती नीट बसतो त्याचे गुण) बिघडतो.

उत्तर २: चक्रीय युरियाची संयुगं (याच विकराला रोखणारी) बसवायची असतील, तर मात्र तेच पाणी काढा! त्यांचा युरियातला ऑक्सिजन नेमका तिथेच येतो.

उत्तर ३: पाणी हटवलं की फायदाच, हा गैरसमज. पाण्याचा एक रेणू मोकळा झाल्याने वाढलेल्या एन्ट्रॉपीतून (अव्यवस्थेतून) फार तर २ किलोकॅलरी प्रति मोल मिळतात. तुटलेले बंध भरून निघाले नाहीत तर तोटाच. बी-फॅक्टर (रेणू जागेवर किती हलतो त्याचं माप) मोठा आणि बंध एखादाच असेल, तर तो रेणू खुशाल काढा.