बिबरीतली दगडी घरं जपायची कुणासाठी?

रानजाई
परवा इथेच इंग्लंडमधल्या बिबरी या खेड्याच्या सहलीच्या वर्णनात कुणीतरी लिहिलं: "बिबरी पाहिलं. सुंदर आहे, पण मेलेलं आहे. श्रीमंत म्हाताऱ्यांनी कायद्याच्या आडून गावं अडवून ठेवलीत. ज्या देशात राहायला घरं मिळत नाहीत तिथे ही खुराडी पाडून नीट इमारती बांधायला हव्यात." खाली सगळ्यांच्या माना डोललेल्या. मी त्याच ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या अशाच एका गावात राहते. गप्प बसवेना, म्हणून वेगळा धागा काढला.

ज्यांना खुराडी म्हटलंय ती आर्लिंग्टन रो, बिबरीतली जुन्या दगडी घरांची रांग. चौदाव्या शतकाच्या अखेरीस मठाची लोकर ठेवायला बांधलेली वखार. सतराव्या शतकात तिथे विणकरांसाठी घरं काढली. आज ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. म्हणजे ज्याला तुम्ही 'गोठवलेलं' म्हणता ते वापर बदलत बदलतच टिकलं. आजही संरक्षित इमारतींच्या सरकारी यादीत नोंद झालेल्या घरात बदलाला बंदी नाही, परवानगी लागते. अशी दहातली नऊ घरं ग्रेड दोनची, म्हणजे यादीतल्या सर्वात खालच्या श्रेणीची असतात. आमच्याच घरात न्हाणीघर, स्वयंपाकघर सगळं आजचं आहे, तुळया तेवढ्या जुन्या.

आणि पाडून मिळणार काय? खेड्यातली चाळीस-पन्नास घरं पाडून देशाचा तुटवडा भरत नाही. त्या जागी बिल्डर मोठी महागडी घरंच बांधणार. तरुण पोरं गाव सोडतात ती दगडामुळे नाही. बस बंद झाली, शनिवार-रविवारपुरती घरं घेणारे आले, आणि १९८० नंतर कौन्सिलची (स्थानिक पालिकेची) भाड्याची घरं भाडेकरूंना विकली गेली पण त्यांच्या जागी तेवढी नवी बांधली नाहीत. याबद्दल त्या लेखकाने एक ओळ लिहिलेली नाही.

वेताळटेकडी
पूर्ण असहमत. "परवानगी लागते" हे लिहायला सोपं आहे, ती मागून बघितलेल्यांना विचारा.

आम्ही ग्रेड दोनचं घर घेतलं. आधीच्या मालकाने न विचारता प्लास्टिकच्या खिडक्या बसवलेल्या. आमच्या वकिलाच्या ते लक्षात आलं नाही. राहायला येऊन बराच काळ लोटल्यावर कौन्सिलचं पत्र: काढा, लाकडी बसवा. केलं त्याने, भुर्दंड आम्हाला, कारण या कारवाईला मुदतच नसते आणि ती घराबरोबर नव्या मालकाकडे येते. बरं, लाकडीच बसवतो पण दुहेरी काच द्या म्हटलं, तर अर्ज नामंजूर. काचेमधल्या पट्ट्या जाड दिसतील म्हणे! मुलीला दमा आहे. हिवाळ्यात खिडकीच्या आतून पाणी ओघळतं, कोपऱ्यात काळी बुरशी धरते. तुमच्या तुळया तुम्हाला लखलाभ.

चुनखडी
मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. वेताळटेकडी, राग समजतो, पण एक सांगा, भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, कशाने भरल्यात? सिमेंट असेल तर बुरशीचं मूळ बहुतेक तिथे आहे.

कॉट्सवोल्डचा, म्हणजे बिबरीच्या आसपासच्या टेकड्यांचा दगड म्हणजे मऊ, सच्छिद्र चुनखडक. पावसाचं पाणी तो थोडं आत घेतो आणि चुन्याच्या दर्जांमधून ते वाळून बाहेर पडतं. सिमेंट ती वाट बंद करतं. मग ओल दगडात कोंडते, थंडीत गोठते, दगडाचे पापुद्रे सुटतात आणि आतली भिंत गार पडते. गार भिंतीवर वाफ जमते, लोक खिडकीला शिव्या देतात. अशा घरांत सिमेंट खरवडून चुना भरला की फरक पडलेला मी पाहिलाय. खिडकीला फटी बुजवणाऱ्या पट्ट्या लावा आणि आतून दुसरी काच बसवा. तिला सहसा हरकत घेत नाहीत.

वेताळटेकडी
आतली काच बसवून झाली. आता हवेसाठी खिडकी उघडायची तर आधी ती सरकवायची, मग बाहेरची वर ढकलायची. माझ्या सासूबाईंना ते जमत नाही. आणि दर्जा पुन्हा भरायला मला मिळालेलं अंदाजपत्रक बघितलंत तर तुम्हीही घर विकायला काढाल.

निळाथवा
अवांतर आहे, पण हे कुणीतरी बोललंच पाहिजे: व्हॅट. शेतात नवं घर बांधा, व्हॅट शून्य. जुन्या घराची डागडुजी करा, २० टक्के. नोंद असलेल्या घरात परवानगी घेऊन केलेल्या बदलांना ऑक्टोबर २०१२ पर्यंत सूट तरी होती, तीही काढली. सरकार म्हणतं जपा, आणि जपणाऱ्याकडूनच वसूल करतं. वेताळटेकडींनी कौन्सिलपेक्षा अर्थखात्यावर चिडायला हवं.

वेताळटेकडी
मी कुणावर चिडायचं ते मला सांगू नका. दोघांवर चिडतो.

चुनखडी
व्हॅटच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. गिऱ्हाईक स्वस्तातलं सिमेंट मागतं त्यात या कराचाही हात आहे. विल्यम मॉरिस या कलाकार-लेखकाने १८७७ मध्ये जुन्या इमारतींसाठी संस्था काढली तेव्हापासून तिचा एकच धोशा आहे: रोजची डागडुजी वेळेवर करा, म्हणजे मोठा जीर्णोद्धार लागणार नाही. आणि आपण नेमका डागडुजीवर कर लावतो.

गवतीचहा
खिडक्या आणि व्हॅट. घर ज्यांच्या मालकीचं आहे त्यांचीच दुखणी चाललीत.

मी इंग्लंडच्या दक्षिणेला डोर्सेट परगण्यात म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन देखभालीचं काम करते. ज्या गावात दिवसभर राबते तिथलं भाडं मला परवडत नाही. शेवटची बस लवकर सुटते, म्हणून जुनी गाडी पोसावी लागते.

रानजाईताई, इथलं मिल्टन अ‍ॅबस गाव माहीत असेलच. अठराव्या शतकात जोसेफ डेमर या जमीनदाराला आपल्या वाड्यासमोर गाव नको होतं. त्याने अख्खं जुनं गाव पाडलं आणि लोकांना दरीत, एकसारख्या गवती छपरांच्या घरांत हलवलं. आज त्याच घरांसमोर लोक अस्सल इंग्लिश खेडं म्हणून फोटो काढतात. म्हणजे जपतोय ते एका श्रीमंताला जे बघायला आवडलं तेच ना?

रानजाई
माहीत आहे, आणि ते माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. डेमरला अडवणारा कायदा नव्हता म्हणून तो गाव पाडू शकला. इमारतींच्या याद्या १९४७ च्या कायद्यानंतर झाल्या, अख्ख्या परिसराला संरक्षण १९६७ मध्ये मिळालं. त्याआधी ज्याच्याकडे पैसा, त्याची मर्जी. १९३० मध्ये मोटारींवाल्या हेन्री फोर्डने कॉट्सवोल्डच्या चेडवर्थ गावातलं एक घर विकत घेतलं, दगड न् दगड सुटा करून अमेरिकेत मिशिगनला नेलं. तुमच्या भाड्याचं दुःख खरं आहे, पण त्यासाठी दगडाला जबाबदार धरू नका. एप्रिल २०२५ पासून दुसऱ्या घरांवर दुप्पट कौन्सिल टॅक्स (घरपट्टी) लावायची मुभा मिळाली आहे. तो लावा, मी पाठिंबा देईन.

सातासमुद्र
आणि पर्यटकांचं काय? सहाशेच्या आसपास वस्तीचं बिबरी. तिथे बसच्या बस रिकाम्या होतात, त्यात आपल्याकडच्या सहलीही असतात. एका वृद्ध रहिवाशाची पिवळी गाडी फोटोत येते म्हणून लोक कुरकुरायचे. २०१७ मध्ये कुणीतरी ती फोडून, ओरबाडून ठेवली. मग ठिकठिकाणचे पिवळ्या गाड्यांवाले त्याच्या पाठिंब्याला गावात जमले. माणसाने स्वतःच्या दारात गाडी लावायची नाही?

गवतीचहा
हेच म्हणतेय मी. गाडी नको, अँटेना नको, माझ्यासारखीचं घर नको. नियोजनाच्या नियमांत गावाच्या कडेला, एरवी बांधकामाला न मिळणाऱ्या जमिनीवर स्थानिकांना परवडणारी मोजकी घरं बांधायची सवलत आहे. आमच्याकडे असा अर्ज आला. सभेत एकामागून एक उठले आणि "गावाचं रूप बिघडेल" म्हणाले. त्यातल्या दोघांच्या आईला रोज आंघोळ मीच घालते. सांगा, कुणामुळे बिघडेल रूप?

रानजाई
याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या गावात असा अर्ज आला तेव्हा मी बाजूने बोलले, आणि शेजारी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. जुनी भिंत वाचवायला केलेला कायदा शेजारच्या मोकळ्या शेतात घर होऊ नये म्हणून वापरला जातो, ते मलाही पटत नाही. तिथल्याच दगडाची, तशाच उतरत्या छपरांची नवी घरं शोभतात. नॅशनल ट्रस्टच्या मालकीच्या लेकॉक गावातही भाडेकरू राहतात, शाळा चालते. पण 'पाडा' हे मी मान्य करणार नाही.

वेताळटेकडी
पाडा असं मीही म्हटलेलं नाही. कडेला घरं होऊ द्या, याला माझं मत आहे. चुनखडी, दर्जांचे फोटो पाठवतोय, सिमेंट आहे की चुना ते सांगा. दुहेरी काचेसाठी मात्र पुन्हा अर्ज करणार, आणि या वेळी मुलीच्या डॉक्टरांचं पत्र जोडून.