थायलंडच्या रिटायरमेंट व्हिसावर त्रुटी काढल्या आहेत, पूर्तता कशी करावी?

गोदाकाठचा_निवृत्त
नमस्कार मंडळी. वय 61, जिल्हा परिषदेतून निवृत्त, मुक्काम नाशिक. चियांग माईला वर्षभर राहून बघायचा विचार आहे. थायलंडच्या ई-व्हिसा साइटवर ओ-ए प्रकारात (पन्नाशीपुढच्यांचा वर्षभराचा रिटायरमेंट व्हिसा) स्वतःच अर्ज भरला, फीसुद्धा भरली. आता मुंबईच्या वकिलातीकडून अर्ज दुरुस्तीसाठी परत आलाय. म्हणणं असं: एक, बँक स्टेटमेंटवरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही (पासपोर्टात माझं, वडिलांचं आणि आडनाव पूर्ण, बँकेत दोन आद्याक्षरं आणि आडनाव). दोन, विमा पूर्ण वर्षाचा नाही आणि त्यांच्या नमुन्यात नाही. तीन, वैद्यकीय दाखल्यात ठरलेल्या रोगांचा उल्लेख नाही.
मुदत पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत. एजंट नको. दुरुस्तीवर पाच हजारांपेक्षा जास्त खर्च करायची तयारी नाही. ज्यांनी अशी पूर्तता केली आहे त्यांनी कृपया सांगावं.

कोथरूड_एक्सप्रेस
काका, सरळ एजंट धरा. माझ्या सासऱ्यांचं मी पंचेचाळीस हजारांत करून घेतलं, त्यांना खुर्चीतून उठावंसुद्धा लागलं नाही. या वयात कशाला अपलोड-बिपलोडच्या नादी लागता?

गोदाकाठचा_निवृत्त
वर "एजंट नको" लिहिलंय. आणि 61 म्हणजे "या वयात" नव्हे.

लेखाशाखा_बाबूराव
अहो, आयुष्यभर त्रुटीपत्रं काढली तुम्ही, आता पूर्तता करायला घाबरता होय? मी कोषागारात होतो म्हणून सांगतो, टेबलापलीकडचा माणूस सगळीकडे सारखाच. त्याला तुमचा इतिहास वाचायचा नसतो, त्याने काढलेला मुद्दा खोडायचा असतो. एक पानी पत्र करा. त्यांच्या मेलमधले तीन मुद्दे त्याच क्रमाने, त्यांच्याच शब्दांत लिहा. प्रत्येकाखाली एक ओळ: "सोबत जोडले आहे, पान अमुक." सगळं एका पीडीएफमध्ये, वर पत्र, खाली पुरावे, पानांना क्रमांक. जे मागितलं नाही ते जोडू नका. जादा कागद दिला की त्यातून चौथी त्रुटी निघते.
आणि नवीन अर्ज भरू नका. त्याच लॉगिनमध्ये, त्याच अर्जावर. नवीन भरलात तर फी पुन्हा, पहिली परत येत नाही.

नर्मदा_तीरे
बाबूरावांना अनुमोदन.

पोर्तोची_मीना
थायलंड कशाला पण? आम्ही दोघं पोर्तुगालला डी-सात व्हिसावर आलो. पेन्शन किंवा भाड्याचं उत्पन्न तिथल्या किमान वेतनाइतकं दाखवलं की झालं, 2025 साली महिन्याला 870 युरो होतं, जोडीदारासाठी त्याच्या निम्मं आणखी. पोर्तोला समुद्र आहे, ट्राम आहे, हवा तर विचारू नका. चियांग माईत फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळतात, धुराने डोंगर दिसत नाही. दम्याचा त्रास असेल तर विचार करा.

गोदाकाठचा_निवृत्त
मीनाताई, अर्ज करून झालाय हो.

डॉ_सातपूर
वैद्यकीय दाखल्याचं सांगतो. थाई लोकांचा छापील नमुना आहे, तो डाउनलोड करून डॉक्टरांसमोर ठेवा. त्यात कुष्ठरोग, क्षय, हत्तीरोग, अमली पदार्थांचं व्यसन आणि तिसऱ्या टप्प्यातला सिफिलिस हे नसल्याचं लिहावं लागतं. आपले फॅमिली डॉक्टर "फिट टू ट्रॅव्हल" एवढंच लेटरहेडवर देतात, ते चालत नाही. नोंदणी क्रमांक, सही, शिक्का हवा. दाखला तीन महिन्यांच्या आतला असावा. पोलिसांच्या पीसीसीलाही (गुन्हा नोंद नसल्याचा दाखला) तीच अट आहे, तुमची कधीची आहे ते पाहा. मुदतीच्या कडेला असेल तर पासपोर्ट सेवेवर पाचशे रुपयांत नवीन मिळते, पण पोलिस चौकशीला वेळ जातो.

नर्मदा_तीरे
माझ्या दिरांच्या डॉक्टरांनी हत्तीरोगाचं वाचून त्यांचे दोन्ही पाय तपासले आणि वेगळी फी घेतली!

टिळकपथ
नावाच्या घोळाला एकच उपाय, "एकच व्यक्ती" असल्याचं प्रतिज्ञापत्र. शंभरच्या स्टॅम्पवर टाइप करा, नोटरी करा, दोन तासांचं काम.

लेखाशाखा_बाबूराव
शंभरचा कुठे मिळतो आता? ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात किमान पाचशेचा झाला.

टिळकपथ
सरकारी कामासाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, जुना आदेश आहे.

लेखाशाखा_बाबूराव
"आपल्या" सरकारच्या कामासाठी. थायलंड आपल्या सरकारात कधीपासून आलं?

टिळकपथ
आदेशाचा नंबर शोधून टाकतो. मग बोला.

कोथरूड_एक्सप्रेस
शोधाल तोवर काकांची मुदत संपेल. सासऱ्यांच्या एजंटने स्टॅम्प, नोटरी सगळं त्याच पंचेचाळीस हजारांत बसवलं होतं.

काउंटर_नंबर_तीन
बँकेत तीस वर्षं काढली म्हणून लिहितो. प्रतिज्ञापत्र म्हणजे तुम्हीच तुमच्याबद्दल दिलेला दाखला, परदेशी अधिकारी त्याला किती वजन देईल? त्यापेक्षा शाखेत जाऊन केवायसीत नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. आधार आणि पॅन पासपोर्टशी जुळत असेल तर अडत नाही. नाव बदललं की स्टेटमेंट नव्याने काढा, मागच्या महिन्यांच्या पानांवरही वर नवीन नावच छापून येतं. सोबत बँकेच्या लेटरहेडवर शाखाधिकाऱ्याचं पत्र घ्या: खातेदाराचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, खाते क्रमांक, त्या दिवशीची शिल्लक. पत्र इंग्रजीत असू द्या. पासबुकाची झेरॉक्स मुळीच देऊ नका. एफडीच्या पावत्या नावावर असल्या तरी बचत खात्यात रक्कम दिसलेली बरी.
आणि शाखेत गेल्यावर "साहेब कुठे आहेत" म्हणून ओरडू नका. आम्हालाही कामं असतात.

सुधाकर_ठाणे
बँकेत एक महिना चकरा मारल्या मी. म्हणे सर्व्हर डाउन. मुदत गेली, अर्ज गेला, फी गेली. कोणती बँक ते लिहीत नाही, पण पेढे द्यायच्या लायकीची नव्हे.

जुना_चियांगमाईकर
आता विम्याचं. ओ-एला 30 लाख बाथ किंवा एक लाख डॉलरचं संरक्षण वर्षभर लागतं. विमा कंपनी थायलंडबाहेरची असेल तर त्यांचा ठरलेला फॉर्म आहे, त्यावर कंपनीने सही-शिक्का मारून द्यायचा. तुम्ही बहुतेक भारतीय प्रवास विमा घेतला असणार, तो बहुधा 180 दिवसांवर थांबतो. आपली नेहमीची मेडिक्लेम भारतापुरतीच असते. थाई कंपनीची पॉलिसी घेतली तर प्रमाणपत्र हव्या त्या नमुन्यात मिळतं, पण साठीनंतर हप्ता चांगलाच चढतो आणि आधीचा आजार वगळतात.
माझा सल्ला, ओ-ए सोडा. पर्यटक म्हणून आत या आणि इथल्या इमिग्रेशनमध्ये नॉन-ओ (निवृत्तांचाच दुसरा व्हिसा) करा. त्याला विम्याची सक्ती नाही. मी तेच केलं. पीसीसी नाही, मेडिकल नाही.

सुमन_हुआहिन
पण मग 8 लाख बाथ थाई बँकेत ठेवावे लागतात ना, तेही एकट्याच्या नावावर? ओ-एला पैसे भारतातल्या खात्यात दाखवले तरी चालतात. भाऊंनी म्हणूनच तो निवडला असेल. शिवाय विनाव्हिसा प्रवेशाचे नियम बदलत राहतात, त्यावर बेत रचू नये. आम्ही इथे सहा वर्षं आहोत.

गोदाकाठचा_निवृत्त
बरोबर ओळखलंत ताई. ग्रॅच्युइटीचे पैसे नाशिकबाहेर न्यायचे नाहीत.

जुना_चियांगमाईकर
वर्षभरच. पुढे इथेच मुदतवाढ घ्यायची तर थाई खात्यात आणावेच लागतील, आणि ओ-एवाल्याला तेव्हाही विमा दाखवावा लागतो. आज ना उद्या तेच.

काउंटर_नंबर_तीन
पाठवायची वेळ आली तर एकदम पाठवू नका. आर्थिक वर्षात माणशी दहा लाखांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापतात. समजा बावीस लाख रुपये एका दमात पाठवले तर दोन लाख चाळीस हजार अडकले, रिटर्न भरून परतावा येईपर्यंत. थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये पाठवा.

पोर्तोची_मीना
पोर्तुगालला हे विम्याचं इतकं नाही बरं का.

निशाचर_पिंपरी
डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) कुणीच सुचवला नाही? जुलै 2024 ला आलाय, पाच वर्षांचा, एका वेळी 180 दिवस राहता येतं, पाच लाख बाथ दाखवायचे. मुआय थाई (थाई बॉक्सिंग) किंवा थाई स्वयंपाकाचा कोर्स लावला की पात्र.

लेखाशाखा_बाबूराव
जिल्हा परिषदेचे निवृत्त अधिकारी मुआय थाई शिकायला! फोटो टाका हो.

निशाचर_पिंपरी
स्वयंपाकाचाही आहे म्हटलं ना. हसण्यासारखं काय त्यात?

सुमन_हुआहिन
दोन गोष्टी राहिल्या. पोहोचल्यावर घरमालकाला 24 तासांत टीएम-30 नोंद (परदेशी माणूस घरात राहतोय हे इमिग्रेशनला कळवणं) करायला सांगा, ते टाळाटाळ करतात. आणि दर 90 दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्याची सोयही आत्ताच बघून ठेवा, नाहीतर पेन्शन थांबते. वहिनींचा अर्ज कसा करताय?

गोदाकाठचा_निवृत्त
सौ. 57 ची आहे. माझा झाला की पत्नी म्हणून तिचा करणार.

सुमन_हुआहिन
मग लग्नाचा नोंदणी दाखला लागेल. आहे ना?

गोदाकाठचा_निवृत्त
1989 चं लग्न. पत्रिका आहे आणि अल्बम आहे.

टिळकपथ
महापालिकेत आता नोंदणी होते, काळजी नको. पत्रिका, फोटो, तीन साक्षीदार, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे. फॉर्मवर भटजींची सही लागते.

गोदाकाठचा_निवृत्त
भटजी 2004 साली वारले.

टिळकपथ
मग तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल. स्टॅम्पवर.

लेखाशाखा_बाबूराव
पाचशेच्या.

गोदाकाठचा_निवृत्त
सगळ्यांचे आभार. काय ठरवलं ते सांगतो. प्रतिज्ञापत्र माझ्या अर्जात जोडत नाही. काल शाखेत जाऊन केवायसी केली, शाखाधिकाऱ्यांनी पत्राचा मसुदा मीच आणा म्हटलं, दिला. मेडिकलचा नमुना डॉक्टरांकडे ठेवलाय. विमा थाई कंपनीचाच घेतला. हप्त्याचा आकडा इथे लिहीत नाही, पाच हजारांचं नाव काढू नका. आत येऊन नॉन-ओ करा, डीटीव्ही करा, पोर्तुगालला जा, एजंट धरा, हे सगळं वाचलं. पण सौ.चं म्हणणं पडलं की परक्या देशात विम्याशिवाय राहायचं असेल तर तू एकटाच जा. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला नाही म्हणवत नाही.
आजच तीन मुद्द्यांचं पत्र वर ठेवून अपलोड केलं. स्टेटस "तपासणीत" दाखवतंय.

जुना_चियांगमाईकर
फुकट सल्ल्याची हीच किंमत. वर्षाने मुदतवाढीला याल तेव्हा भेटूच.

कोथरूड_एक्सप्रेस
त्या हप्त्यात एजंट आणि विमानाचं तिकीट दोन्ही झालं असतं.

डॉ_सातपूर
पीसीसीची तारीख पाहिलीत का? त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत.

गोदाकाठचा_निवृत्त
पाहिली. अजून पाच आठवडे आहेत.

काउंटर_नंबर_तीन
मसुदा इथे टाका, नाव-नंबर खोडून. पुढच्यांच्या उपयोगी पडेल.

नर्मदा_तीरे
वाचनखूण साठवली. आमचंही पुढच्या वर्षी ठरतंय. चियांग माईत ज्वारीचं पीठ मिळतं का कुणाला माहीत आहे?

जुना_चियांगमाईकर
मी येताना दहा किलो आणतो. कस्टमवाल्याने एकदा उघडून वास घेतला आणि जाऊ दिलं.

सुमन_हुआहिन
दहा किलोला चार महिन्यांत पोरकिडे होतात. फ्रीजरमध्ये ठेवा.